बूच लावलेली बिअर : इंग्लंडमधील किशोरवयीन मद्यपानाचा इतिहास

१/
१९०१ साली ब्रिटिश संसदेने एक विलक्षण कायदा केला. चौदा वर्षांखालील मूल दारूच्या दुकानात बिअर आणायला आले, तर त्याला ती द्यायला हरकत नाही. मात्र ती बूच लावून मोहोरबंद केलेली असली पाहिजे. उघड्या भांड्यात द्यायची नाही.

मूल बिअर आणायला जाते, याचे कोणालाच नवल नव्हते. चिंता होती ती घरी पोचेपर्यंत ते वाटेत किती घोट घेईल याची. आजचा धागा या बुचाविषयी, आणि त्यामागे उभ्या असलेल्या मुलांविषयी.

२/
"हल्लीची मुले फार लवकर पिऊ लागली" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. इंग्लंडमध्ये ते निदान तीन शतके ऐकू येते. पण कागदपत्रांकडे पाहिले की निराळेच चित्र दिसते. मुलांनी काय प्यावे, कुठे प्यावे, कोणासाठी आणावे, हे बहुतेक वेळा मोठ्यांनीच ठरवलेले आहे. किशोरांचे मद्यपान वाढले किंवा घटले, त्या प्रत्येक वेळी आधी मोठ्यांच्या जगात काहीतरी बदललेले आढळते. हा दावा आपण टप्प्याटप्प्याने तपासून पाहू.

३/
प्रारंभ सतराव्या शतकापासून करू. तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्यात मुलाचे पेय म्हणून त्याने केवळ सौम्य बिअरची शिफारस केली. तीव्र मद्य मात्र मुलांपासून दूर ठेवावे, असे बजावले. ही सौम्य बिअर म्हणजे अत्यल्प मद्यांश असलेले पातळ पेय.

समाजमाध्यमांवर एक समज फार पसरलेला आहे : पाणी दूषित असल्यामुळे त्या काळी सारेच बिअर पीत. यात अतिशयोक्ती आहे. लोक पाणीही पीतच होते. बिअरकडे मुख्यतः अन्न म्हणून पाहिले जाई. पावाच्या जोडीने ती पोट भरण्याचे साधन होती. विंचेस्टरसारख्या नामवंत शाळांत विद्यार्थ्यांच्या रोजच्या शिध्यात बिअरचा वाटा ठरलेला असे.

४/
घर आणि शाळा यांच्याबरोबर तिसरी जागा होती कामाची. सुतार, शिंपी, छापखानेवाले यांच्याकडे उमेदवारी करायला येणारा मुलगा बहुधा बारा-चौदा वर्षांचा असे. कामावर रुजू होताना त्याने स्वतःच्या पैशाने साऱ्या कारागिरांना दारू पाजायची, असा रिवाज होता. टाळाटाळ केली तर छळ ठरलेला.

१८३९ साली जॉन डनलॉप या स्कॉटिश सुधारकाने अशा 'सक्तीच्या' पिण्याच्या चालीरीतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कित्येक मुलांना दारूची ओळख अशी कामाच्या ठिकाणी, वरिष्ठांच्या देखत आणि त्यांच्याच आग्रहाने होत असे. चोरून पिण्याचा प्रश्नच नव्हता.

५/
मधल्या काळात एक मोठा हादरा बसून गेला होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये स्वस्त जिनचा पूर आला. बिअरच्या तुलनेत जिन कितीतरी तीव्र. १७५१ साली विल्यम होगार्थ याने 'जिन लेन' हे प्रसिद्ध चित्र कोरले. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल निसटून पडताना दिसते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण चित्राचा बाकीचा भाग नीट पाहा : एक बाई तान्ह्या बाळाच्या तोंडात जिन ओतते आहे आणि धर्मादाय संस्थेच्या दोन मुली जिन पीत उभ्या आहेत.

होगार्थच्या दृष्टीने दोष जिनचा होता. त्याच्याच जोडचित्रात बिअर पिणारे लोक धष्टपुष्ट आणि समाधानी दाखवले आहेत. 'वाईट दारू' आणि 'चांगली दारू' हा भेद पुढच्या सगळ्या कायद्यांत पाझरत राहिला.

६/
या भेदावर विसंबूनच १८३० साली सरकारने बिअरचा कायदा केला. दोन गिनी भरून कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला घरच्या घरी बिअरचे दुकान काढता येऊ लागले. बिअर स्वस्त व सुलभ झाली की लोक जिन सोडतील, अशी अपेक्षा होती. पहिल्या सहा महिन्यांतच २४ हजारांहून अधिक नवी दुकाने उघडली. गिरण्यांच्या गावांत गल्लोगल्ली बिअर मिळू लागली आणि मुलांच्या घरापासून दुकानाचे अंतर काही पावलांवर आले.

७/
त्यावरची प्रतिक्रिया त्याच औद्योगिक उत्तरेतून उमटली. १८३२ साली प्रेस्टन गावी जोसेफ लिव्हसी व त्याच्या सहकाऱ्यांनी मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ उभारली. १८४७ साली लीड्समध्ये जाबेझ टनिक्लिफ हे धर्मोपदेशक आणि ॲन जेन कार्लाइल या आयरिश कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने 'बँड ऑफ होप' ही खास मुलांची संघटना निघाली. मुलांनी मद्याला स्पर्श न करण्याची शपथ घ्यायची. सभा, गाणी, मिरवणुका, जादूच्या कंदिलाचे खेळ, सहली असा तिचा भरगच्च कार्यक्रम असे.

शतकाच्या अखेरीस तिची सदस्यसंख्या लाखोंच्या घरात पोचली. मोठ्यांना सुधारणे कठीण, म्हणून मुलांपासून सुरुवात करावी, हा विचार तिच्या मुळाशी होता. मूल हे सुधारणेचे क्षेत्र ठरले ते येथून.

८/
आता कायद्यांचा क्रम पाहू. तो फार बोलका आहे.

१८३९ : लंडनमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना दुकानात बसून पिण्यासाठी तीव्र मद्य देण्यास मनाई.
१८७२ : हीच मनाई देशभर लागू.
१८८६ : तेरा वर्षांखालील मुलांना दुकानात बसून पिण्यासाठी बिअर देण्यास मनाई.

तीव्र मद्यापासून सोळाव्या वर्षापर्यंतच्या मुलांना संरक्षण, बिअरपासून मात्र तेराव्यापर्यंतच. होगार्थचा भेद तसाच टिकून होता. आणि दुकानात बसून पिण्याला बंदी असली, तरी बिअर विकत घेऊन बाहेर नेण्याला अजून कोणतीच आडकाठी नव्हती.

९/
येथे आपली जग घेतलेली मुले पुन्हा समोर येतात. श्रमिक वस्त्यांत रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर घेण्याची पद्धत होती. ती आणायला घरातले मूल जाई. घरून रिकामा जग न्यायचा, दुकानदाराने तो भरायचा, मुलाने न सांडता परत आणायचा. गिऱ्हाईक आपल्याकडेच वळावे म्हणून काही दुकानदार मुलांच्या हातावर गोळ्या-मिठाई ठेवत, अशी सुधारकांची तक्रार होती.

जग उघडा असल्यामुळे वाटेत घोट घेणे सोपे. मुलांना चव लागते ती अशी, असा युक्तिवाद संसदेत झाला आणि त्यातून १९०१ सालचा बुचाचा कायदा आला.

१०/
या कायद्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सरसकट निकाली काढण्याजोगे नाही. ते विचारत : श्रीमंताच्या तळघरात मद्याचा साठा असतो, त्याचा नोकर ते टेबलावर आणून ठेवतो, गरिबाच्या घरी नोकर नसतो, मूल असते. दिवसभर राबलेल्या आईने तान्हे मूल सोडून स्वतः दुकानात जावे काय? हा कायदा मुलांच्या रक्षणाचा आहे की गरिबांच्या जेवणावर पाळत ठेवण्याचा?

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. बूच ही त्या दोन्हींमधली तडजोड होती. मूल दुकानात येणारच, हे संसदेने मान्य केले आणि फक्त बाटलीचे तोंड बंद केले.

११/
सात वर्षांनी, १९०८ साली, मुलांविषयीचा व्यापक कायदा झाला. त्याला 'मुलांची सनद' असे कौतुकाने म्हटले जाई. त्याने चौदा वर्षांखालील मुलांना मद्यालयाच्या बारमध्ये येण्यास मनाई केली आणि पाच वर्षांखालील मुलाला मद्य पाजणे हा गुन्हा ठरवला. आजारपणाचा तेवढा अपवाद ठेवला.

पाच वर्षांखालील! असा गुन्हा कायद्यात नोंदवावा लागला, यावरूनच प्रथेचा पसारा कळतो. रडणाऱ्या बाळाला चमचाभर मद्य देणे हा कित्येक घरांत घरगुती उपाय होता.

कायद्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला, की आईबाप आत आणि मुले बाहेर पायरीवर, असे दृश्य दिसू लागले. मूल मद्यालयाबाहेर पडले. आईबाप तिथेच राहिले.

१२/
तेरा, चौदा, सोळा हे आकडे आले कोठून? शरीरशास्त्रातून नव्हे. ते प्रामुख्याने शाळा आणि श्रम यांच्याशी निगडित होते. १८८० साली इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली. ही मर्यादा १८९३ साली अकरावर, १८९९ साली बारावर आणि १९१८ च्या कायद्याने चौदावर गेली. मूल जसजसे अधिक काळ विद्यार्थी राहू लागले, तसतसे ते दारूच्या दुकानातून मागे हटवले गेले.

'किशोरावस्था' ही जीवनातील स्वतंत्र अवस्था आहे, हा विचार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल याने १९०४ सालच्या आपल्या द्विखंडी ग्रंथात विस्ताराने मांडला. म्हणजे बुचाचा कायदा झाला तेव्हा 'किशोरवयीन मद्यपान' नावाचा प्रश्न त्या शब्दांत कोणी मांडतही नव्हते.

१३/
यानंतरचा मोठा बदल मुलांसाठी केलेल्या कायद्याने घडवला नाही. तो घडवला पहिल्या महायुद्धाने. दारूगोळ्याच्या कारखान्यांत उत्पादन घटू नये म्हणून १९१५ साली मद्यव्यापारावर केंद्रीय नियंत्रण मंडळ नेमले गेले. पूर्वी लंडनची मद्यालये पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असत. आता अनेक भागांत ती दिवसाकाठी साडेपाच तासांवर आली. दुसऱ्याला दारू पाजण्यावरही बंदी आली. बिअर पातळ झाली, कर वाढले.

इंग्लंड-वेल्समध्ये दारूच्या नशेतील गुन्ह्यांच्या शिक्षा १९१४ मधील सुमारे १ लाख ८४ हजारांवरून १९१८ मध्ये सुमारे २९ हजारांवर आल्या. लाखो तरुण आघाडीवर होते, हे त्याचे एक कारण अर्थातच आहे. पण युद्ध संपल्यावरही मद्यपान जुन्या पातळीला परतले नाही.

१४/
या पार्श्वभूमीवर नॅन्सी ॲस्टर संसदेत आल्या. १९१९ साली ब्रिटिश कनिष्ठ सभागृहात प्रत्यक्ष आसन ग्रहण करणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांचा पहिला विवाह एका मद्यासक्त पुरुषाशी झाला होता आणि तो घटस्फोटात संपला होता. १९२० सालचे त्यांचे पहिले भाषण मद्यनियंत्रणावरच होते.

१९२३ साली त्यांनी मांडलेले विधेयक संमत झाले आणि मद्यालयात अठरा वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकण्यास मनाई झाली. ब्रिटनमध्ये महिला सदस्याने खासगी विधेयक मांडून कायद्यात उतरवण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यातही तडजोड होतीच : सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना जेवणाबरोबर बिअर किंवा सायडर घेण्याची मुभा राहिली. अन्न म्हणून बिअर, हा जुना धागा अजून तुटला नव्हता.

१५/
दोन महायुद्धांमधली तरुण पिढी आपल्या आजोबांच्या तुलनेत फारच कमी पीत होती. चित्रपटगृहे, रेडिओ, नृत्यगृहे, सायकलसहली अशी संध्याकाळ घालवण्याची नवी ठिकाणे आली होती. शिवाय बेकारी होती. समाजसुधारकांना आनंद झाला. मद्यउत्पादक अस्वस्थ झाले.

१९३३ साली त्यांच्या संघटनेने 'बिअर इज बेस्ट' ही सामूहिक जाहिरातमोहीम उभारली. संघटनेचे संचालक सर एडगर सँडर्स यांनी तिचा हेतू आपल्या व्यवसायबंधूंपुढे स्पष्ट केला होता : ज्या लाखो तरुणांना बिअरची चव अद्याप माहीत नाही, त्यांच्यात ती सवय रुजवायची.

बुचाच्या कायद्यापासून जेमतेम बत्तीस वर्षे झाली होती. एका पिढीला मुलांच्या ओठांना लागणाऱ्या चवीची भीती वाटत होती. दुसरीला तरुणांच्या ओठांना ती लागत नाही याची.

१६/
दुसऱ्या महायुद्धानंतर किशोरांच्या खिशात प्रथमच स्वतःचा पैसा खुळखुळू लागला. १९५९ साली मार्क एब्रम्स याने 'टीनएज कन्झ्यूमर' या पुस्तिकेत या नव्या ग्राहकाची नोंद घेतली. पण पन्नाशीच्या दशकातला हा किशोर कपडे, ध्वनिमुद्रिका आणि कॉफी बार यांत रमलेला होता.

पुढे चित्र पालटत गेले. साठच्या दशकापासून सुपरमार्केटांत मद्य मिळू लागले, लेगर बिअरच्या जाहिराती घराघरांत पोचल्या, उत्पन्नाच्या तुलनेत मद्य स्वस्त होत गेले. १९५० ते २००४ या काळात ब्रिटनमधील दरडोई मद्यसेवन दुपटीहून अधिक झाले. या सबंध काळात ॲस्टरबाईंचा अठरा वर्षांचा नियम कायद्यात होताच. वयाची अट कायम राहिली आणि तिच्याभोवतीचा बाजार मात्र बदलून गेला.

१७/
नव्वदच्या दशकात बाजाराने आणखी एक पाऊल टाकले. १९९५ साली 'हूपर्स हूच' हे लिंबाच्या चवीचे गोड मद्य ब्रिटनमध्ये आले. अशा पेयांना 'अल्कोपॉप' म्हणू लागले. रंगीत बाटल्या, सरबतासारखी चव. बिअरचा कडवटपणा ही नवशिक्या ओठांपुढची एक नैसर्गिक अडचण होती. ती आता उरली नाही. टीकेचा गदारोळ उठला आणि उद्योगाला वेष्टन व विक्रीविषयी आचारसंहिता जाहीर करावी लागली. वृत्तपत्रांत मात्र रस्त्यावर झिंगून पडलेल्या तरुण मुलामुलींची छायाचित्रे छापून येत राहिली, आणि 'बिघडलेली पिढी' हा मथळा पुन्हा चलनात आला.

१८/
मथळे छापले जात असतानाच आकडे उलट दिशेला वळू लागले होते. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांच्या पाहणीत १९८८ पासून मद्यविषयक प्रश्न विचारले जातात. अकरा ते पंधरा वयोगटातील 'कधीतरी मद्य प्यालेल्या' मुलांचे प्रमाण २००३ साली ६१ टक्के होते. २०१४ साली ते ३८ टक्क्यांवर आले.

म्हणजे ज्या पिढीला सर्वाधिक बेताल ठरवले गेले, तिच्या पाठोपाठ आलेली मुले गेल्या कित्येक दशकांतील सर्वांत कमी पिणारी निघाली.

१९/
असे का झाले? एकच एक उत्तर इतिहासकारांना किंवा समाजशास्त्रज्ञांना सापडलेले नाही. दुकानांत ओळखपत्र मागण्याची पद्धत काटेकोर झाली. पालकांची भूमिका बदलली. मित्रांच्या भेटी पडद्यावर होऊ लागल्या. मद्य न पिणाऱ्या समुदायांतील मुलांची संख्या वाढली. या प्रत्येकाचा काही वाटा असावा. पण अशीच घट स्वीडन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथेही दिसली. त्यामुळे एखाद्या ब्रिटिश कायद्याला तिचे सारे श्रेय देता येत नाही.

याचा अर्थ कायदे निरुपयोगी असा मुळीच नाही. पाच वर्षांच्या मुलाला मद्य पाजणे आज कोणालाही अकल्पनीय वाटते, यामागे १९०८ सालचा कायदा आहे आणि बँड ऑफ होपच्या हजारो सभाही आहेत. कायदा सीमारेषा आखतो; तिच्या अलीकडे मुलांची संध्याकाळ कशी जाते, हे इतर गोष्टी ठरवतात.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे साधनांविषयी थोडे. १९८० पूर्वीच्या किशोरांच्या पिण्याबद्दल आपल्याला जे कळते, ते सुधारकांच्या अहवालांतून, पोलिसांच्या नोंदींतून आणि संसदेतील भाषणांतून. ही सारी मोठ्यांची लिखाणे. सुधारकाला संकट मोठे दाखवायचे असते, दुकानदाराला लहान. जग घेऊन जाणाऱ्या मुलीला तिचे मत कोणी विचारले नाही.

म्हणून "पूर्वी मुले किती पीत?" या प्रश्नापेक्षा "हे कोण सांगतो आहे आणि त्याला काय हवे आहे?" हा प्रश्न आधी विचारावा. सँडर्स आणि ॲस्टर दोघेही तरुणांविषयीच बोलत होते, हे विसरू नये.

२१/
आता क्षणभर आपल्याकडे. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. तीव्र मद्याच्या परवान्यासाठी वयाची अट आहे पंचवीस वर्षांची. बिअरसारख्या सौम्य मद्यासाठी एकवीस. वयाचा विचार करता जगातील कडक कायद्यांत याची गणना होईल. प्रस्तुत लेखक पंचविशीच्या उंबरठ्यावर असल्यामुळे हा आकडा त्याला विशेष जवळून दिसतो.

आणि तरीही वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे, की पहिला घोट परवाना पाहून घेतला जात नाही. तो घेतला जातो तो बहुधा एखाद्या वरिष्ठाच्या आग्रहाखातर. डनलॉपने १८३९ साली वर्णिलेल्या कार्यशाळेतल्यासारखाच. नवागताने 'पार्टी' द्यायची, नाही म्हटले तर चेष्टा सोसायची.

२२/
तेव्हा आपल्यातल्या वयाने थोड्या मोठ्या असलेल्यांसाठी या इतिहासात एक सरळ प्रश्न आहे. नवा विद्यार्थी खोलीत आला, की त्याच्यापुढे पेला आपण ठेवतो की नाही? एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरांनाही वाटत होते, की आपण फक्त रिवाज पाळतो आहोत.

संसदेने १९०१ साली बाटलीला बूच लावले, पण मुलाच्या हाती जग देणारे हात तिने तपासले नाहीत. ते काम कायद्याच्या आवाक्यातले नव्हतेच. ते आपले आहे.

धागा येथे पूर्ण. आपल्या घरातल्या, गावातल्या किंवा वसतिगृहातल्या अशा रिवाजांच्या जुन्या आठवणी असतील, तर खाली अवश्य लिहा. उद्याच्या इतिहासकाराला त्या कोणत्याही अहवालात सापडणार नाहीत.